संपादक गेला आणि मासिकही थांबलं: ‘द फ्रेंच डिस्पॅच’मधली कल्पना मुंबईत आधीच खरी ठरली होती

डिजिटल डेस्क, सोलापूर

एका मासिकाचा संपादक ऑफिसातच मरतो. मरण्याआधी त्यानं लिहून ठेवलेलं असतं, की माझ्यामागे मासिक चालवायचं नाही. शेवटचा अंक काढा, त्यात माझा मृत्युलेख छापा आणि छपाई बंद करा. ‘द फ्रेंच डिस्पॅच’ हा चित्रपट इथून सुरू होतो.

वेस अँडरसन या अमेरिकी दिग्दर्शकाचा हा चित्रपट २०२१ मध्ये आला. तो रचलाय मासिकाच्या अंकासारखा. आधी गावाबद्दलचा छोटा लेख, मग तीन मोठे लेख, शेवटी संपादकाचा मृत्युलेख. गाव फ्रान्समधलं, पण काल्पनिक. मासिकही काल्पनिक. माणसं मात्र पूर्ण काल्पनिक नाहीत, आणि चित्रपट आल्यापासून जगभरचे पत्रकार यातलं कोण म्हणजे खरं कोण, याचा शोध घेत बसलेत. आपणही थोडा घेऊ. पण आधीच सांगून ठेवतो, या लेखाचा मुक्काम फ्रान्समध्ये नाही. तो मुंबईत आहे आणि नंतर थोडा आपल्या सोलापुरात.

चित्रपटातली माणसं कोण?

चित्रपटातलं मासिक १९२५ मध्ये सुरू होतं. न्यूयॉर्कमधलं ‘द न्यूयॉर्कर’ हे खरं साप्ताहिकही १९२५ मध्येच सुरू झालं. हा योगायोग नाही. अँडरसन शाळकरी वयापासून या साप्ताहिकाचा भक्त. बिल मरे या अभिनेत्यानं केलेला संपादक आर्थर हॉवित्झर ज्युनियर हा मुख्यतः ‘न्यूयॉर्कर’चे संस्थापक-संपादक हॅरॉल्ड रॉस यांच्यावर बेतलाय. त्याच्या खोलीच्या दारावर ‘रडायचं नाही’ अशी पाटी असते. लेखकांचे तो लाड करतो, लांबलेल्या लेखांना जागा करून देतो आणि वाक्यावाक्यावर मात्र बारीक नजर ठेवतो.

फ्रान्समधल्या मे १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनावर लिहिणारी बाई चित्रपटात आहे. तिच्यामागे मॅव्हिस गॅलंट ही लेखिका आहे. त्या दिवसांत ती पॅरिसमध्ये होती आणि तिची रोजनिशी ‘न्यूयॉर्कर’मध्ये छापून आली होती. खाण्यावर लिहिणारा कृष्णवर्णीय लेखक हा जेम्स बाल्डविन आणि ए. जे. लीबलिंग या दोघांचं मिश्रण. वर्षानुवर्षं एकही लेख पूर्ण न करणारा, तरी रोज ऑफिसला येणारा एक लेखक दिसतो. तो विनोदासाठी घातलाय असं वाटेल, पण ‘न्यूयॉर्कर’मध्ये जोसेफ मिचेल नावाचे थोर वार्ताहर होते. १९६४ नंतर तीस वर्षांहून अधिक काळ ते ऑफिसात येत राहिले आणि त्यांनी एकही नवा लेख छापायला दिला नाही. त्यांना कुणी काढलंही नाही. डिजिटल डेस्कवर काम करणाऱ्या माणसाला ही गोष्ट परीकथेसारखी वाटते. आमच्याकडे तासाभरात बातमी पडली नाही तर ग्रुपवर प्रश्नचिन्ह येतं.

एका जागी मात्र चित्रपट खऱ्या इतिहासापासून दूर जातो. हॅरॉल्ड रॉस डिसेंबर १९५१ मध्ये गेले, पण ‘न्यूयॉर्कर’ बंद पडलं नाही. विल्यम शॉन संपादक झाले, साप्ताहिक चालू राहिलं, आजही चालू आहे. संपादकासोबत मासिक संपणं ही अँडरसनची कल्पना.

आपल्याकडे ही कल्पना नव्हती. रघुनाथ धोंडो कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ रोजी गेले आणि त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा अखेरचा अंक निघाला नोव्हेंबर १९५३ चा. जुलै १९२७ पासून सव्वीस वर्षं एका माणसानं चालवलेलं मासिक त्या माणसाबरोबर थांबलं.

या माणसावर मराठीत चित्रपट आहे. अमोल पालेकर यांचा ‘ध्यासपर्व’, साल २००१. वेस अँडरसनच्या वीस वर्षं आधीचा. कर्व्यांची भूमिका किशोर कदम यांनी केली, म्हणजे कवी सौमित्र यांनी. मालतीबाई कर्वे झाल्या सीमा बिस्वास. दोन्ही चित्रपट संपादकाला केलेले मुजरे आहेत. फरक एवढाच की हॉवित्झरला मासिकासाठी वडिलांच्या वर्तमानपत्राचा पैसा मिळतो. कर्व्यांना समन्स मिळत होतं.

गणिताचा प्राध्यापक मासिक का काढतो?

र. धों. कर्वे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव. जन्म १८८२ चा. विषय गणित. पुढच्या अभ्यासासाठी १९१९ मध्ये ते पॅरिसला गेले आणि परतून मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवू लागले. इंजिनीअरिंगचं ‘एम-थ्री’ ज्यांनी दिलंय त्यांना कल्पना येईल, की असा माणूस निवांत आयुष्य काढू शकला असता. वर्ग घ्यायचे, पेपर तपासायचे, निवृत्त व्हायचं.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. भारतातलं हे पहिलं मानलं जातं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपलं गाजलेलं केंद्र सुरू केलं तेही १९२१ मध्येच. म्हणजे लंडनमध्ये जे घडत होतं तेच त्याच वर्षी मुंबईत घडत होतं, तेही कोणत्याही संस्थेच्या पाठबळाशिवाय. मूल कधी व्हावं, किती व्हावीत, हे ठरवण्याचा अधिकार बाईचा आहे, असं कर्वे उघड बोलत. स्वतः दोघांनी मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं आणि ते पाळलं. कॉलेजला हा प्राध्यापक जड झाला. १९२५ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली.

दोन वर्षांनी ‘समाजस्वास्थ्य’ निघालं. संततिनियमन, गुप्तरोग, लैंगिक शिक्षण, विवाहसंस्था, धर्माच्या नावानं चालणारी फसवणूक, अशा विषयांवर सरळ, कोरड्या मराठीत लेख. मुखपृष्ठावर बरेचदा नग्न स्त्रीचं चित्र. शरीरात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे त्यांना पहिल्याच पानावर सांगायचं होतं. लोक अंक उघडण्याआधीच चिडत, यात नवल नाही. हे मुखपृष्ठ त्यांच्या कामाला मदत करत होतं की अडचण, यावर वाद होऊ शकतो. मला स्वतःला वाटतं, ज्या वाचकापर्यंत पोहोचायची सर्वांत जास्त गरज होती, त्याला तो अंक घरी नेणं त्या मुखपृष्ठानं अवघड केलं असणार. पण कर्व्यांना तडजोड हा प्रकार मुळातच जमत नव्हता.

मासिकाचा जीव होता वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांत. आज रात्री दीड वाजता लोक ज्या गोष्टी मोबाइलवर शोधतात आणि मग सर्च हिस्टरी पुसून टाकतात, त्या गोष्टी तेव्हा कुणाला विचारायच्या? डॉक्टरला विचारायची लाज, घरात विचारायची सोय नाही. लोक कर्व्यांना पत्र लिहीत आणि ते अंकात उत्तर देत. उपदेश नाही, टोमणा नाही. हस्तमैथुनानं माणूस खंगतो का, अशा प्रश्नाला पाप-पुण्य न आणता शास्त्राच्या आधारानं उत्तर देणं, हे १९३० च्या दशकातलं मराठी मासिक करत होतं.

‘न्यूयॉर्कर’कडे लेखक होते, तथ्य तपासणारी फौज होती, जाहिराती होत्या. ‘समाजस्वास्थ्य’चे संपादक, प्रकाशक आणि बहुतांश लेखक कर्वे स्वतःच. मागे उभ्या होत्या मालतीबाई. नवऱ्याची पगाराची नोकरी गेली, गावभर बदनामी आणि वर मासिकाचा खर्च, असा संसार त्यांनी ओढला. म्हणूनच ‘ध्यासपर्व’मध्ये सीमा बिस्वास यांची भूमिका दुय्यम म्हणून बघून चालत नाही.

खटले आणि एक वकील

१९३१ मध्ये पहिला फटका बसला. ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून अश्लीलतेचा खटला झाला. कर्वे दोषी ठरले, शंभर रुपये दंड. अपील हायकोर्टापर्यंत गेलं आणि फेटाळलं गेलं.

१९३४ मध्ये पुन्हा अटक. या वेळी आक्षेप होता वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. म्हणजे मासिकाच्या जिवावरच घाव. या खटल्यात कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेब इथं कसे, असा प्रश्न अनेकांना पडतो. एक तर ते स्वतः संपादक होते. ‘मूकनायक’ त्यांनी १९२० मध्ये काढलं होतं आणि ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक एप्रिल १९२७ चा, म्हणजे ‘समाजस्वास्थ्य’च्या तीन महिने आधीचा. छापलेल्या शब्दाची किंमत काय मोजावी लागते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. दुसरं म्हणजे संततिनियमनाचा मुद्दा त्यांना मनापासून पटलेला होता. पुढे १९३८ मध्ये त्यांच्या पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तो नामंजूर झाला, हा भाग वेगळा.

कोर्टातला त्यांचा युक्तिवाद आजही कुणालाही समजेल असा आहे. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे अश्लील लिहिलं, असं होत नाही. वाचक प्रश्न विचारतायत. त्यांना विकृत म्हणून गप्प बसवायचं की माहिती द्यायची? माहिती द्यायची असेल तर ती देणारा संपादक गुन्हेगार कसा? हॅव्हलॉक एलिस यांच्यासारख्या अभ्यासकांच्या संशोधनाचा आधारही त्यांनी दिला.

खटला हरले. दोनशे रुपये दंड झाला. मासिक त्यानंतरही एकोणीस वर्षं निघत राहिलं.

कायदा तेव्हा काय होता, आता काय आहे?

हा भाग थोडा किचकट आहे, पण मोबाइलवर रोज काही ना काही फॉरवर्ड करणाऱ्यानं वाचावा असा आहे.

कर्व्यांवरचे खटले भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ खालचे. अश्लील काय हे ठरवायची कसोटी आली होती १८६८ च्या एका इंग्लिश खटल्यातून. कसोटी अशी की, ज्यांची मनं अशा गोष्टींनी बिघडू शकतात, त्यांच्या हाती हे पडलं तर ती बिघडतील का? म्हणजे लेख कुणासाठी लिहिला हे बाजूला, सर्वांत कच्च्या मनाच्या माणसाला समोर बसवून निकाल द्यायचा. या मापानं वैद्यकीय पुस्तकही अश्लील ठरवता येतं.

१९६९ मध्ये संसदेनं कलम २९२ मध्ये बदल केला. विज्ञान, साहित्य, कला, विद्या यांच्या हितासाठी आणि लोकांच्या भल्यासाठी केलेलं प्रकाशन समर्थनीय ठरत असेल, तर ते या कलमातून वगळलं गेलं. बाबासाहेब १९३४ मध्ये जे मागत होते, त्याच दिशेचं हे पाऊल. मधे पस्तीस वर्षं गेली.

त्याच १९६९ मध्ये आणखी एक मराठी मासिक सुप्रीम कोर्टात होतं. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातली चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा. दिवाळी अंकातल्या एका कथेचं काय करायचं, हे ठरवायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला बसावं लागलं. कथा अश्लील नाही असा निकाल आला आणि लेखक सुटला. कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल आजही शिकवतात. पुढे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं १८६८ ची ती जुनी कसोटी बाजूला ठेवून, आजच्या समाजाच्या मापानं आणि संपूर्ण संदर्भ पाहून ठरवायचं, असं म्हटलं.

पण म्हणजे सगळं मोकळं झालं असंही नाही. वसंत दत्तात्रय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या नियतकालिकात पुन्हा छापली गेली. खटला सुप्रीम कोर्टात पोहोचून २०१५ मध्ये निकाल आला. छापणाऱ्यांनी आधीच माफी मागितल्यामुळे त्यांची सुटका झाली, कवीवरचा आरोप मात्र कायम ठेवून प्रकरण पुढे चालवायला सांगितलं गेलं.

१ जुलै २०२४ पासून जुना दंडविधान गेला आणि भारतीय न्याय संहिता आली. कलम २९२ ची जागा आता कलम २९४ नं घेतलीय. त्यात इलेक्ट्रॉनिक स्वरूपातला मजकूर स्पष्ट शब्दांत आलाय, आणि विज्ञान-साहित्याची ती सवलतही आहे. कर्व्यांना आज मासिकाऐवजी चॅनल काढावं लागलं असतं. कायद्यानं ते कदाचित वाचले असते. कमेंट बॉक्समध्ये काय झालं असतं, याचा अंदाज तुम्हाला आहेच.

मुजरा उशिरा का येतो?

भारत सरकारनं कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ मध्ये हाती घेतला. असं करणाऱ्या पहिल्या काही देशांत आपण होतो. कर्वे तेव्हा हयात होते, सत्तरीत होते, मासिक काढतच होते. पुढच्याच वर्षी ते गेले. त्यांच्या वडिलांना १९५८ मध्ये, वयाच्या शंभरीत भारतरत्न मिळालं. मुलाचं नाव तोवर कुजबुजीच्या स्वरातच घेतलं जायचं.

मग २००१ मध्ये ‘ध्यासपर्व’ आला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कोणत्या गटात? कुटुंबकल्याण विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपट. ज्या कामासाठी कोर्टानं दंड ठोकला, त्याच कामावरच्या चित्रपटाला सरकारी पदक. दंड ठोकणारं सरकार इंग्रजांचं होतं हे खरं, पण तक्रार करणारे आपलेच लोक होते.

एक तक्रार माझीही आहे. चरित्रपट माणसाचा असतो, आणि ‘ध्यासपर्व’ हे नावही माणसाच्या ध्यासाचं आहे. अंक कसा जुळायचा, पुरावे कोण वाचायचं, वर्गणी किती यायची, छापखान्याची उधारी कशी भागायची, या गोष्टींवर वेस अँडरसन जसा जीव टाकतो, तसा आपला सिनेमा टाकत नाही. मासिकालाच नायक करण्याचं काम पुढे नाटकानं केलं. अजित दळवी यांनी लिहिलेलं आणि अतुल पेठे यांनी बसवलेलं ‘समाजस्वास्थ्य’ २०१७ मध्ये रंगमंचावर आलं. नावच मासिकाचं, आणि गाभा खटल्यांचा. गिरीश कुलकर्णी त्यात कर्वे झाले होते.

मराठीत हॉवित्झरच्या तोडीचे संपादक कमी नव्हते. ‘सत्यकथा’चे श्री. पु. भागवत घ्या. कथा परत पाठवतानाही ती का जमली नाही हे लेखकाला कळवणारा हा संपादक चित्रपटात शोभला असता. त्यांच्यावर चिडून ‘सत्यकथा’ची होळी करणारी तरुण पोरं तर आयतंच दृश्य आहे. ‘माणूस’चे श्री. ग. माजगावकर, नांगर-चरकांच्या कारखान्याचं माहितीपत्रक वाढवत ‘किर्लोस्कर’ मासिक उभं करणारे शं. वा. किर्लोस्कर, हेही त्याच रांगेतले. पण मराठी सिनेमाला लक्षात राहिलेला पत्रकार म्हणजे ‘सिंहासन’मधला दिगू टिपणीस, आणि तो रोजच्या वर्तमानपत्रातला. तो चित्रपट १९७९ चा, दिग्दर्शक जब्बार पटेल. पंढरपूरचा जन्म, शाळा आपल्या सोलापूरची. मूळ कादंबऱ्या अरुण साधू यांच्या, ते स्वतःच पत्रकार.

सोलापूरचं काय?

या शहरातल्या छापील शब्दाची गोष्ट जुनी आहे. ‘जैन बोधक’ हे नियतकालिक एकोणिसाव्या शतकातच इथून सुरू झालं. काढणारे शेठ हिराचंद नेमचंद. वाचनालयाला त्यांचं नाव आहे म्हणून ते आपल्या तोंडी असतं, पण ते संपादक होते हे त्या वाचनालयाच्या पायऱ्या चढणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल, शंका आहे.

दुसरी गोष्ट चार हुतात्मा चौकातली. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. कर्व्यांना शंभर रुपये दंड झाला ते हेच साल. सरकारही तेच.

या चौघांतले कुर्बान हुसेन हे पत्र चालवत होते. वय विशीतलं. म्हणजे आज आमच्या डेस्कवर नवीन रुजू होणाऱ्या मुलामुलींच्या वयाचे. दर जानेवारीत चौकात पुतळ्यांना हार पडतात, शाळांच्या फेऱ्या येतात, आम्ही फोटो अपलोड करतो. फोटोओळीत चारही नावांआधी ‘हुतात्मा’ लागतं. कुर्बान हुसेन यांच्या नावाआधी ‘संपादक’ हा शब्द क्वचितच दिसतो.

त्यांच्या पत्राचं नाव होतं ‘गझनफर’. मूळ अरबी शब्द, अर्थ सिंह. टिळकांनी पन्नास वर्षांपूर्वी पुण्यात जे नाव निवडलं होतं, ‘केसरी’, त्याचाही अर्थ तोच.